दर्यासर

परभणीत एका गृहस्थाला 'दर्यासर' म्हणतात असं बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. त्याची चूक नाही. इथून सरळ रेष मारली तरी समुद्र चारशे किलोमीटरवर. रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसावं तेव्हा कुठं सकाळी मुंबई लागते, आणि तिथंही समुद्र दिसेलच याची खात्री नाही. परभणीचं नाव निघतं ते परभणी क्रांती भेंडीसाठी, परभणी मोती ज्वारीसाठी, तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसासाठी आणि मे महिन्यातल्या उन्हासाठी. यात दर्या कुठंच बसत नाही. पण आमच्या गल्लीत बसतो, लुंगी लावून, ओट्यावर, मांडीवर दोनशे पानी रजिस्टर घेऊन.

सरांनी एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. घर माळकरी. चातुर्मासात कांदाही बंद. मासा त्यांनी जन्मात तोंडात घातलेला नाही आणि घालायची इच्छाही नाही. त्यांना फक्त एवढंच ठरवायचं होतं की खाऱ्या पाण्यातल्या दांडग्या माशाला जड लुअर फेकून पकडायचं झालं, तर छडी कोणती घ्यावी आणि रील कोणता. लुअर म्हणजे माशासारखा दिसणारा लाकडाचा किंवा प्लास्टिकचा खोटा मासा. सर त्याला 'खोटा मासा'च म्हणतात. 'ठरवायचं होतं' हे मी भूतकाळात लिहिलं खरं, पण ते ठरवणं सात वर्षं चाललं.

सुरुवात मालवणला झाली. सहलीला गेले असताना किल्ल्यासमोरच्या खडकांवर एक पोरगा उभा होता. त्यानं लांबलचक छडी दोन्ही हातांनी खांद्यामागं नेली आणि असा झपकन झटका दिला की टोकाचा खोटा मासा शिट्टी घालत पार नजरेआड गेला. सरांनी विचारलं, "बाळ, किती ग्रॅमचा आहे रे हा?" पोरगा म्हणाला, "काय म्हायत नाय, काका. जड आसा."

दुसरा कुणी असता तर 'बरं' म्हणून सोलकढी प्यायला गेला असता. सरांना रात्रभर झोप आली नाही. एवढा लांब जाणारा पदार्थ, आणि फेकणाऱ्याला त्याचं वजन ठाऊक नाही! परभणीला आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी नवं रजिस्टर घेतलं, वर 'श्री' लिहिलं, खाली 'वस्तुमान' लिहिलं आणि रेघ मारली.

हा माणूस तुम्ही पाहिलेला असणार. प्रत्येक गावात एक असतोच. मिक्सर घ्यायचा तर वाटीत किती डाळ मावते इथपासून सुरुवात करणारा, चप्पल घेताना दुकानदाराला तळव्याचं रबर कुठलं ते विचारणारा. लोक त्याला चिक्कू म्हणतात. ते खोटं आहे. चिक्कू माणसाला पैसे वाचवायचे असतात. याला घेण्याआधीचे दिवस वाचवायचे असतात. वस्तू घरात आली की त्याचा विषय संपला. मग उरते ती नुसती वस्तू, आणि वस्तूत त्याला फारसा रस नसतो.

सरांचं घोषवाक्य असं: आधी मासा, मग खोटा मासा, मग दोरी, मग छडी आणि सगळ्यात शेवटी रील. जग नेमकं उलटं जातं. दुकानात शिरलं की चकचकतो रील, म्हणून लोक रील आधी उचलतात, त्याला शोभेलशी छडी घेतात आणि घरी येऊन विचारतात की आता फेकू काय. सर म्हणतात, हे म्हणजे आधी बँड ठरवायचा, मग मांडव आणि मग मुलगी बघायला निघायचं.

त्यांचं सगळं गणित त्या वजनावर उभं होतं. छडीच्या मुठीजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ती किती ग्रॅमपासून किती ग्रॅमपर्यंत फेकू शकते. काहींवर औंस असतात. एक औंस म्हणजे सव्वाअठ्ठावीस ग्रॅमला थोडं वर, हे सरांनी आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींनाही पाठ करायला लावलं आहे. साठ ते दीडशे ग्रॅमच्या छडीला तीस ग्रॅमचा मासा बांधला तर ती वाकतच नाही. टोकाला काही आहे हे तिला कळतच नाही, आणि जी वाकत नाही ती फेकतही नाही. अडीचशे बांधला तर ती वाकते, पण परत येत नाही. "धनुष्य आहे ते," सर ओट्यावरून हवेत हात ताणून दाखवत. "ताणलं तरच बाण जातो. लोक काठी समजून घेतात आणि मग काठीसारखीच वापरतात."

हे समजावून सांगण्यासाठी त्यांनी पहिला खोटा मासा मागवला. निळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, डोळे बटाट्यावड्याएवढे. डब्यावर ऐंशी ग्रॅम लिहिलं होतं. डब्यावर विश्वास ठेवणारे सर नव्हेत. ते सराफ्यात गेले. सराफानं काट्यावर मासा ठेवला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "सर, आठ तोळे भरायलाय. पण घडणावळ कशाची लावू?"

दोरीवर एक अख्खं रजिस्टर खर्ची पडलं. समुद्रात आता नायलॉनच्या एकेरी दोरीऐवजी विणलेली दोरी वापरतात. तिची जाडी 'पीई' अशा जपानी आकड्यात मोजतात. पीई म्हणजे पॉलिएथिलीन. पीई एक म्हणजे 0.165 मिलिमीटर. आपल्या मांजासारखी बारीक दिसते आणि ओढायला बैलाच्या दाव्याला भारी पडते. ऐंशी-शंभर ग्रॅम फेकायचं आणि तांबोशी किंवा कोकर अशा खडकात घुसणाऱ्या माशाला अडवायचं, तर सरांच्या हिशेबानं पीई सहा. मात्र ही दोरी खडकाला घासली की तुटते, म्हणून टोकाला पाच-सहा फूट जाड नायलॉन जोडायचं. या दोन दोऱ्यांची गाठ हा सरांचा खास विषय. एक गाठ अशी आहे की तिच्यात गाठच नाही. विणलेली दोरी नायलॉनवर आलटून पालटून वीस वेळा गुंडाळत जायची, वेणी घातल्यासारखी. ती त्यांना वहिनींनी शिकवली. म्हणजे सर पुस्तकी आकृती बघून चार दिवस घाम गाळत होते. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, "आहो, ही तर तिपेडी आहे" म्हणाल्या, आणि कणकेच्या हातानं घालून गेल्या.

छडीच्या लांबीवर मात्र घोडं अडलं. खडकावरून फेकायचं तर नऊ-दहा फूट हवी, लाटेच्या पलीकडं जायला. होडीतून फेकायचं तर साडेसात-आठ फूट पुरे, नाहीतर शेजारच्याच्या टोपीत गळ अडकायचा. सर खडकावरही नव्हते आणि होडीतही नव्हते. ते परभणीत होते, गच्चीवर. गच्चीसाठी किती फुटी छडी, हे जगातल्या एकाही पुस्तकात दिलेलं नाही. त्यातून लांब छडी दोन तुकड्यांची घ्यावी की प्रवासाची तीन तुकड्यांची, हा पोटप्रश्न. तीन तुकड्यांची रेल्वेच्या बर्थवर मावते. पण जिथं सांधा येतो तिथं वाक मोडतो, आणि मोडलेल्या वाकावर सरांचा जीव रमेना.

याच सुमारास त्यांना 'मानसोल्लास' सापडला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 1129च्या सुमारास संस्कृतात लिहिलेला हा ग्रंथ. शंभर अध्याय. हत्तींपासून खाण्यापिण्यापर्यंत सगळं त्यात आहे, आणि 'मत्स्यविनोद' नावाचं गळानं मासेमारी करण्याचं प्रकरणही आहे. माशांच्या जाती, कुठल्या माशाला कोणतं आमिष, दोरी कशाची. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या निलंग्याच्या पलीकडं. सरांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. आता कुणी 'परभणीत कामून हा नाद, सर?' म्हटलं की ते चष्मा पुसत सांगू लागले, "मुलूख आपला, राजा आपला. मधे फक्त नऊशे वर्षं खंड पडला."

रीलवर आले तेव्हा गल्लीतल्या पोरांना आनंद झाला. त्यांना वाटलं सर आता रील्स करणार. दोन पोरं मोबाईल घेऊन आलीही. त्यांना सरांनी समोर बसवून जपानच्या सकाई गावातली शिमानो सांगितली. 1921 साली सायकलचे फ्रीव्हील बनवायला निघालेली कंपनी, 1970 पासून मासेमारीचे रील बनवते. म्हणजे ज्या चक्रानं तुमचे आजोबा शाळेत गेले, त्याच चक्राचा हा पुतण्या. मग फिलाडेल्फियाची पेन कंपनी, 1932ची. मग दात्यांचं गुणोत्तर. मूठ एकदा फिरवली की चाक पाच-सहा वेळा फिरतं. जास्त फिरलं तर दोरी भरभर येते पण ओढायला जड. सायकलचा मोठा दाता आणि छोटा दाता, तोच नियम. एका पोरानं हे सगळं खरंच रेकॉर्ड केलं. दीड मिनिटानंतर त्याच्या फोनची जागा संपली.

दर्जेदार जपानी रीलची किंमत एका दुभत्या म्हशीएवढी निघाली. वहिनी म्हणाल्या, "म्हैस घ्या. निदान दूध तरी देईल." सरांनी हे रजिस्टरात 'आक्षेप' या सदरात लिहून घेतलं. त्यावर उत्तर लिहायला जागा सोडली होती, ती अजून कोरी आहे.

अशा माणसाच्या ज्ञानाचा कुणाला उपयोग होत नाही असं मात्र नाही. आमच्या भागात बोअर घेतली की लोक आधी मोटार घेऊन येतात, पाच हॉर्सपॉवर, मोठी, कारण शेजाऱ्याची तीन आहे. मग ती एक तर सारखी जळते, नाहीतर दहा मिनिटांत बोअर कोरडी करते. एकदा एक पाहुणे असेच निघाले होते, सरांनी अडवलं. म्हणाले, "मोटार शेवटी. आधी पाणी किती खोलवर, मग तासाला किती येतं, मग पाइप, मग केबल, मग मोटार." हे घोषवाक्य मत्स्यविद्येचं होतं, पण मोटार अजून चालू आहे. तेव्हापासून जिंतूर रस्त्यावरची माणसं मोटार घ्यायच्या आधी ओट्यावर येऊन बसतात. सर त्यांना मोटार सांगतात आणि बदल्यात अर्धा तास सुरमई ऐकवतात. सौदा वाईट नाही.

एकदा ते आम्हाला येलदरीला घेऊन गेले. पूर्णेवरचं धरण, 1968चं. पलीकडचा काठ आता हिंगोलीत गेला, 1999 साली जिल्हा वेगळा झाला तेव्हा. पण पाण्याला ते अजून कळलेलं नाही. काठाला एक म्हातारे भोई जाळं सुकवत बसले होते. त्यांना सर 'मामा' म्हणाले आणि पिशवीतून तो आठ तोळ्यांचा मासा काढला. मामांनी तो हातात घेतला, उलटा केला, नखानं खवलं खरवडली, गळाची तिन्ही तोंडं अंगठ्यानं चाचपली.

"सर, ह्याच्या मापाचा मासा घावला तर आमी बाजारात इकून टाकतो," ते म्हणाले. "तुमी त्येला गळाला लावायलाव?"

"मामा, याला खाणारा मासा केवढा असेल, विचार करा."

मामांनी विचार केला. धरणाकडं बघितलं. "मग आंगुळीला उतरायचं अवघड की."

परतीच्या वाटेवर सर गप्प होते. मला वाटलं, नाद उतरला. त्यांनी घरी आल्यावर नवं रजिस्टर काढलं आणि वर लिहिलं, 'सुरक्षितता'.

सातव्या वर्षी खरेदी झाली. कशी झाली हे मला नक्की ठाऊक आहे, कारण मी तिथं होतो. वहिनींनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या आत एक तर ते येऊ द्या घरात, नाहीतर ही रजिस्टरं रद्दीत जातील." सातही रजिस्टरं. सर पांढरे पडले. आठ दिवसांत कुरिअरवाला एक लांब नळी खांद्यावर टाकून आला आणि दारातून ओरडला, "सर, ठिबकचा पाइप आला!"

आठ फुटी छडी, साठ ते दीडशे ग्रॅमची, दोन तुकड्यांची. रील मधल्या किमतीचा, म्हणजे म्हैस नव्हे, पण चांगली शेळी. दोरी पीई सहा. सरांनी सगळं जोडलं, रद्दीवाल्याकडून स्प्रिंगकाटा उसना आणला आणि दोरीचं टोक त्याला बांधून ओट्याच्या खांबापासून ओढलं. रीलला एक ब्रेक असतो. मासा फार जोरात ओढू लागला की दोरी तुटू नये म्हणून तो थोडी थोडी सोडतो. हा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ठेवायचा. काटा सात किलोवर आला आणि रील करकरला. 'सात' असं लिहून सरांनी खाली सही केली. मग छडी पिशवीत घातली, पिशवी कपाटामागं उभी केली आणि आत जाऊन झोपले. चार दिवस ओट्यावर आले नाहीत. वहिनी काळजीत पडल्या. त्यांना काही झालेलं नव्हतं. निवडायला काही उरलं नव्हतं, एवढंच.

त्यांना ओट्यावर परत आणलं ते आमच्या आडानं.

आमच्या जुन्या घरात अजून आड आहे, रहाट नाही, एक लोखंडी कप्पी आहे. भादव्यात पाणी चांगलं वर आलं होतं. आई पोहरा शेंदत होती आणि दोराची गाठ सुटून पोहरा तळाशी गेला. आमच्याकडं पडलेला पोहरा काढायचा एक गळ होता, चार आकड्यांचा. तो शेजारी नेला होता, शेजाऱ्यांनी दुसऱ्या शेजाऱ्यांना दिला होता, आणि त्यांनी घर बदललं होतं. मी आईला म्हटलं, "सरांकडं गळ आहे."

सर आले ते नुसते आले नाहीत. हातमोजे घालून आले, टोपी घालून आले, आणि आधी सुटलेली गाठ बघायला मागितली. ती बघून त्यांनी मान हलवली. मग आडात वाकून पाण्याची खोली विचारली, पोहऱ्याचा धातू विचारला, माप विचारलं. पंधरा लिटरचा, लोखंडी. ऐंशी ग्रॅमचा निळा मासा हळूच पाण्यात सोडला. तळाला टेकला तशी दोरी सैल पडली. सर छडीचं टोक वर-खाली करत मासा नाचवू लागले. गल्ली गोळा झाली. तिसऱ्या मिनिटाला छडी वाकली.

"बसला!" सर ओरडले.

इथं भौतिकशास्त्र आडवं आलं. पाण्याखाली पोहरा हलका, कारण आतलं पाणी बाहेरच्या पाण्यात वजन दाखवत नाही. सर फिरवत गेले, पोहरा मुकाट वर येत गेला. पण त्याचा काठ पाण्याबाहेर पडला की पंधरा लिटरचं पाणी जागं व्हायचं. पंधरा किलो ते, वर लोखंड. ब्रेक सातवर. रील करकर करायचा आणि पोहरा शांतपणे परत खाली. असं चार वेळा झालं.

"सर, आवळा की जरा ते!" कुणीतरी म्हणालं.

"सात ठरलंय," सर दात आवळून म्हणाले. "नियम म्हणजे नियम. आणि अशी उभी करून वजन उचलायला नसते छडी, मोडते."

शेवटी वहिनी पुढं आल्या. त्यांनी दोरी उचलून कप्पीवरून घेतली आणि सरांना म्हणाल्या, "छडी आडवी धरा आणि मागं मागं चला." सर अंगणात उलटे चालू लागले, मोटेचे बैल मागं सरतात तसे. पोहरा आडाच्या भिंतीला आपटला, तिरका झाला, अर्ध्याहून जास्त पाणी सांडलं आणि तो सहज वर आला. निळ्या माशाच्या गळाचं एक तोंड त्याच्या कडीत अडकलेलं होतं, दुसरं सरळ झालं होतं. सरांनी फोटो काढायला लावला. दोन्ही हात पुढं ताणून, पोहरा कॅमेऱ्याजवळ आणि स्वतः मागं, म्हणजे मोठा दिसतो.

रजिस्टर आठवं, पान पहिलं. मी स्वतः वाचलेलं आहे. ठिकाण: आड, परभणी. आमिष: ऐंशी ग्रॅम, निळा. दोरी: पीई सहा. ब्रेक: सात किलो. लढत: पंचवीस मिनिटं. पकड: पोहरा, लोखंडी, पंधरा लिटर, एक नग. शेरा: पाण्यात परत सोडला नाही.